दादाचा गुडघा

माझ्या थोरल्या भावाचा उजवा गुडघा मी मोडला. गावात आणि दवाखान्यात आम्ही वेगळंच सांगितलं होतं, आणि नंतर बरीच वर्षं तेच सांगत राहिलो. आता दादाच म्हणतो, लिही काय लिहायचं ते. म्हणून लिहितोय.

आमचं गाव वेल्हे तालुक्यात, पासलीच्या वरच्या अंगाला. डोंगराच्या उतारावर भाताची चार खाचरं, दोन बैल, एक म्हैस. वडील गेले तेव्हा मी सात वर्षांचा आणि दादा सतरा. पुढच्या दोन वर्षांत आईही गेली. तेव्हापासून मला दादानंच वाढवलं. वेल्ह्याच्या शाळेत घातलं, तापात पाठीवर घेऊन डॉक्टरकडे नेलं, सणाला आधी माझ्या अंगावर कापड आणलं. आणि मारलं. दोन्ही खरं आहे.

त्याच्या माराला अंदाज नसायचा. मोठी चूक सोडून द्यायचा आणि पाण्याचा तांब्या सांडला म्हणून भिंतीवर आपटायचा. मी अकरा वर्षांचा असताना आमची म्हैस शेजाऱ्याच्या रोपात घुसली. दादानं मला घराच्या मधल्या खांबाला बांधलं आणि भिजवलेल्या दाव्यानं मारलं. भिजलं की दावं जड होतं आणि अंगाला वेढून बसतं. मी "बास दादा, बास दादा" म्हणत होतो. दम लागला तेव्हा तो थांबला. मग स्वतःच गाठ सोडली, पाठीला खोबरेल लावलं आणि भात कालवून पुढं ठेवला. मी तो खाल्ला. भूक लागली होती.

मी वीस वर्षांचा असताना दादाचं लग्न झालं. वहिनी पानशेतकडची. माझ्यापेक्षा वर्षा-दीड वर्षानं मोठी, उंच, कामाला चपळ. लग्नाला महिनाही झाला नव्हता. एकदा दादा गोठ्याचं छप्पर शाकारत होता आणि दोर धरायला तिला हाक मारत होता. ती विहिरीवर बायकांशी बोलत थांबली होती. ती आल्यावर दादा शिडीवरून उतरला आणि तिच्या कानाखाली मारली. ती खाली बसली, तर पाठीत लाथ घातली. मी अंगणातच होतो. बादली उचलली आणि म्हशीला पाणी दाखवायला निघून गेलो. मला त्या वेळी काय वाटलं तेही सांगतो. मला हायसं वाटलं. वाटलं, आता हा मला मारणार नाही.

आणि तसंच झालं. माझा मार बंद झाला आणि वहिनीचा सुरू झाला. दोन वर्षं मी ते ऐकत राहिलो. ती ओरडायची नाही. दादाचा आवाज यायचा आणि भांडी पडल्याचा. एकदा तिचा ओठ फाटला होता तेव्हा मी म्हणालो, "वहिनी, माहेरी जावा काही दिवस." ती म्हणाली, "गेले तर परत कोण घेईल, भावजी? तुमी घ्याल व्हय?"

साल नेमकं लिहीत नाही, पण दोन हजार साल उलटून एक-दोन पावसाळे झाले होते. आवण्या चालू होत्या. भाताच्या लावणीला आमच्याकडे आवणी म्हणतात. चिखलणी झालेल्या खाचरात पोटरीभर चिखल होता. दादा बैल धरून वरच्या खाचरात होता, मी खालच्यात लावत होतो आणि वहिनी बांधावरून रोपाच्या जुड्या फेकत होती. सकाळपासून तिच्या अंगात ताप होता. जुड्या माझ्यापर्यंत पोहोचत नव्हत्या, मधेच पडत होत्या. दादानं वरून दोनदा दम दिला. तिसऱ्यांदा बैल उभे करून तो पराणी घेऊन खाली आला. पराणी म्हणजे बैल हाकायची काठी.

पहिला फटका वहिनीनं पावसासाठी पांघरलेल्या इरल्यावर बसला. इरलं मोडलं. दुसरा मानेवर बसला आणि ती बांधावरून खाचरात पडली. दादा तिच्या मागं चिखलात उतरला. "ताप आलाय व्हय तुला? थांब, थंड करतो," म्हणाला. तिच्या मानेला धरून त्यानं तिचं तोंड चिखलात दाबलं. मी पाहत होतो. मला वाटलं, आत्ता सोडेल. त्यानं सोडलं नाही. तिचे हात चिखलावर आपटत होते. मग ते आपटायचे थांबले आणि नुसती बोटं हलायला लागली.

मी धावलो. चिखलात धावता येत नाही, पाय उपसत जावं लागतं. मी ओरडलो तसं दादानं तिला सोडलं आणि वळून माझ्यापुढं उभा राहिला. पराणी उचललेली. शाळेत मी कबड्डी खेळायचो, आणि समोरच्याचे गुडघे धरायची मला सवय होती. मी तशीच उडी घेतली. माझा खांदा त्याच्या उजव्या गुडघ्यावर समोरून बसला. त्याचा पाय सरळ होता आणि पाऊल चिखलात रुतलेलं. अंग मागं गेलं, पाऊल जागेवरच राहिलं. गुडघा उलट्या बाजूला वाकला. ओला बांबू कोयत्यानं चिरताना येतो तसा आवाज आला. तो आवाज मला खांद्यातून ऐकू आला, कानातून नाही.

दादा असा ओरडला की वर उभे असलेले बैल बुजले. पण मी थांबलो नाही. त्याच्या छातीवर बसलो आणि तोंडावर मारत राहिलो. किती वेळा, ते माहीत नाही. त्याचं नाक फुटलं. मी काही बोलत नव्हतो, नुसता मारत होतो, आणि मला फार बरं वाटत होतं. एवढं बरं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

वहिनी उठून बसली होती. ओकत होती, नाकातून चिखल काढत होती. जरा वेळानं ती उभी राहिली आणि माझी बाही धरून म्हणाली, "बास, भावजी. मरंल त्यो."

तोवर शेजारच्या खाचरातली माणसं बांध ओलांडून येत होती. दादानं त्यांना पाहिलं. त्याचं तोंड रक्तानं आणि चिखलानं भरलं होतं. दात आवळून तो मोठ्यानं म्हणाला, "बैल बुजला. हिसका दिला. पाय रुतला हुता माजा." माणसांनी माझ्याकडं पाहिलं, वहिनीकडं पाहिलं आणि काही विचारलं नाही. घोंगडीत घालून आम्ही त्याला घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी गुडघा कलिंगडाएवढा झाला. पाय थोडा वाकलेलाच राहिला होता, सरळ होईना. भोरच्या बाजूला हाडं बसवणारा एक म्हातारा होता. त्यानं आमच्या भावकीतल्या एकाचा हात बसवला होता, म्हणून सगळे म्हणाले तिकडंच न्या. जीप ठरवून नेलं. म्हाताऱ्यानं तेल चोळलं, गुडघा चाचपला आणि मला म्हणाला, "खांदं धर ह्याचं. घट्ट धर." मग घोट्याला धरून त्यानं पाय ओढला आणि सरळ करायला वरून दाबला. दादा अर्धा उठला आणि माझ्या हाताला चावला. दात आत गेले. म्हातारा दाबत राहिला. तीन वेळा प्रयत्न केला. पाय सरळ झाला नाही. शेवटी बांबूच्या कामट्या बांधून त्यानं आम्हाला परत पाठवलं.

आठ दिवस दादा घरात पडून होता. कामट्यांच्या खाली पाय काळा-निळा झाला. पोटरी दगडासारखी. उजव्या पायाचं नाव काढलं तरी ओरडायचा. आवण्या मी आणि वहिनीनं उरकल्या. वहिनीच्या मानेवर काठीचा वळ होता. आम्ही एकमेकांशी त्या दिवसाबद्दल एक शब्द बोललो नाही.

आठव्या दिवशी तिनंच कामट्या सोडल्या. पाय पाहिला आणि म्हणाली, "पुण्याला न्यावं लागंल."

मी म्हणालो, "राहू दे की पडून."

तिनं कामट्या बाजूला ठेवल्या. मग म्हणाली, "पडून राहिला तर जल्मभर कुणी उचलायचा? तुमी उद्या लगीन करून जाल. म्या हाय हितं."

म्हैस विकली आणि निघालो. वाटेत नसरापूरला गुडघ्याचा एक्स-रे फोटो काढला. तिथल्या डॉक्टरांनी तो उजेडात धरून पाहिला, गुडघ्याच्या मधोमध बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथं थांबू नका. सरळ पुण्याला जा."

पुण्यातले गुडघ्याचे डॉक्टर मध्यम वयाचे, हळू बोलणारे. त्यांनी विचारलं, "कसं झालं?" मी दाराशी उभा होतो. दादा छताकडं पाहत म्हणाला, "चिखलात पाय रुतला. बैलानं हिसका दिला." डॉक्टरांनी त्याच्या सुजलेल्या नाकाकडं पाहिलं. "आणि नाक?" दादा म्हणाला, "पडलो की तोंडावर." त्यांनी लिहून घेतलं.

मग त्यांनी कागदावर गुडघा काढून दाखवला. गुडघ्याच्या आत दोन जाड दोऱ्या असतात, एकमेकींवर फुली मारल्यासारख्या. त्यातली पुढची दोरी नडगीच्या हाडाला वरून चिकटलेली असते. दादाची दोरी तुटली नव्हती. गुडघा उलटा गेल्यावर तिनं आपल्या मुळाशी असलेला हाडाचा तुकडाच उपटून वर आणला होता. तो तुकडा सांध्यात उभा राहिला होता, त्यामुळं पाय सरळ होत नव्हता. "कुणी जोर लावून सरळ करायचा प्रयत्न केला का?" डॉक्टरांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्यांनी मान हलवली.

दादा बराच वेळ त्या चित्राकडं बघत होता. "म्हंजी दावं शाबूत हाय. खुटा उपटलाय," तो म्हणाला.

"अगदी बरोबर," डॉक्टर म्हणाले. "खुंटा परत खड्ड्यात बसवायचा आणि बांधून टाकायचा. मोठं कापायचं नाही. दोन-तीन भोकं पाडून, दुर्बीण आत घालून करू. पण नंतरचे तीन महिने तुमच्या हातात आहेत."

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी वहिनी चहा आणायला खाली गेली होती. मी दादाला विचारलं, "खोटं का सांगितलं?" मला वाटलं होतं, म्हणेल, तू माझा भाऊ, तुझ्यामागं पोलीस कशाला. तो म्हणाला, "धाकट्यानं लोळवला म्हणून सांगू व्हय गावात? तुला वाचवायला न्हाई सांगितलं. ते डोक्यातनं काढून टाक."

ऑपरेशनला दोन तास लागले. संपल्यावर डॉक्टरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. आत सगळं चित्रित झालं होतं, ते त्यांनी टीव्हीवर लावलं. घरच्यांना दाखवलं की ते नंतर व्यायाम नीट करून घेतात, असं त्यांचं म्हणणं. मला बसायला खुर्ची दिली.

पडद्यावर आधी नुसतं लाल पाणी दिसलं. ते बाहेर काढून त्यांनी स्वच्छ पाणी सोडलं तसं आतलं दिसू लागलं. पांढरं, गुळगुळीत, शहाळ्याच्या आतल्या खोबऱ्यासारखं. त्यात कापसासारखे धागे तरंगत होते. मग तो तुकडा आला. एका बाजूनं चिकटलेला, दुसरी बाजू वर उचललेली. दोरी त्याच्यावरून वर गेली होती, चांगली धडधाकट. तुकड्याखाली उपटलेली जागा दिसत होती, लाल, खरबरीत. गुडघ्यातल्या गादीची एक कड तुकड्याखाली जाऊन अडकली होती. "ही बघा, ही अडकली होती. म्हणून ओढून बसणार नव्हतंच," डॉक्टर म्हणाले. एका बारीक आकड्यानं त्यांनी ती कड ओढून बाहेर काढली. मग खड्ड्यातल्या रक्ताच्या गाठी खरवडल्या. पुढून हाडात दोन बारीक बोगदे पाडले. त्यांतून दोरा वर आला, दोरीच्या मुळाशी वेढा घेऊन खाली गेला. ओढल्याबरोबर तुकडा खाली बसला. नुसता टेकला नाही, खाचेत बसला.

"किती जोरात हिसका बसला असेल बघा," डॉक्टर पडद्याकडं बघत म्हणाले. "या वयाला असं सहसा होत नाही. दोरीच तुटते."

मी पाहत होतो. तो लाल खड्डा माझा होता. एवढ्या आतलं, एवढं स्वच्छ आणि पांढरं काहीतरी मी उपटलं होतं. मला उलटी झाली. डॉक्टरांना वाटलं रक्त पाहून झाली. त्यांनी पाणी दिलं.

महिनाभर पाय सरळ पट्ट्यात बांधून ठेवायचा होता. नंतर थोडा थोडा वाकवायचा. दवाखान्यात व्यायाम शिकवणारी एक बाई होती, तिशीची, कडक. महिन्यानं पट्टा काढल्यावर तिनं दादाला पालथं झोपवलं आणि टाच कुल्ल्याकडं न्यायला सांगितली. गुडघा जेमतेम हलला. "आठ दिवस चुकीचा बांधलेला होता, त्यानं आत चिकटलंय," ती म्हणाली. "रोज दोनदा घरच्या माणसानं दाबायचं. हळूहळू, रोज थोडं जास्त. खुर्चीवर बसल्यावर पाय खाली लोंबतो एवढा वाकला पाहिजे. महिन्यात झाला नाही तर परत भूल देऊन वाकवावा लागेल." मग माझ्याकडं आणि वहिनीकडं पाहून म्हणाली, "कोण दाबणार?"

मी म्हणालो, "मी."

अशा तऱ्हेनं ज्या हातांनी तो गुडघा मोडला त्याच हातांनी मी तो रोज दाबायला लागलो. सकाळी दूध काढून झाल्यावर आणि दुपारी जेवणाआधी. शेजाऱ्यांची म्हैस मी अर्धलीनं, म्हणजे निम्म्या वाट्यावर, सांभाळायला घेतली होती. दादा पडवीत पालथा पडायचा. मी डाव्या हातानं मांडी जमिनीला दाबून धरायचो आणि उजव्यानं घोटा उचलून पुढं रेटायचो. ठरावीक जागी आलं की गुडघा अडायचा. तिथं थांबून दहा आकडे मोजायचे, मग जरासं पुढं. दादा तोंडात टॉवेल धरायचा. त्याची पाठ घामानं भिजायची. "बास" म्हणाला की मी सोडायचो.

पंधरा दिवस असं चाललं. गुडघा फारसा पुढं सरकला नाही. दादा चिडत होता. शिव्या द्यायचा, थुंकायचा. एका दुपारी मी घोटा धरला तेव्हा तो म्हणाला, "नीट धर, रांडंच्या. बायकांच्या मागं लपणारं तू, तुला काय जोर."

मी मोजायला लागलो. दहा झाले. तो म्हणाला, "बास." मी सोडलं नाही. माझं अंग पुढं गेलं, छातीचा भार त्याच्या नडगीवर आला. तो पुन्हा म्हणाला, "बास." मग "बास रं" म्हणाला. मग नुसतं "दादा" म्हणाला. मला दादा म्हणाला. त्याला काय झालं होतं माहीत नाही, वेदनेत माणूस कुणालाही काहीही म्हणतो. मला मात्र ते कळलं आणि मी जास्तच जोर लावला. मला खांब आठवला असं मी म्हणणार नाही. मला काहीच आठवलं नाही. मला फक्त दाबायचं होतं.

गुडघ्यात काहीतरी फाटलं. जाड कापड फाटावं तसं. टाच एकदम टीचभर पुढं गेली. दादा जमिनीवर कपाळ आपटायला लागला. त्याचं धोतर ओलं झालं. मी हात सोडले आणि मागं सरकलो. चुलीपाशी वहिनी उभी होती. तिच्या हातात पळी होती. ती जागची हलली नाही.

संध्याकाळपर्यंत गुडघा पुन्हा सुजला. मला वाटलं, दोरा तुटला, तुकडा परत उपटला, सगळं गेलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपनं पुण्याला निघालो. वाटेत दादानं माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही. दवाखान्यात फोटो काढला. डॉक्टरांनी बोलावून सांगितलं, तुकडा जागेवर आहे, हाड धरायला लागलंय. व्यायामाच्या बाईनं पाय हातात घेऊन वाकवला. तो पूर्वीपेक्षा बराच वाकला. "आतलं चिकटलेलं सुटलंय," ती म्हणाली. "एवढ्या जोरानं करायचं नसतं. परत करू नका. पण नशीब चांगलं, यांचा परत भूल द्यायचा त्रास वाचला." आणि माझ्याकडं पाहून म्हणाली, "चांगली मेहनत घेताय भावावर."

दादा हसला. पहिल्यांदा हसला. "व्हय," तो म्हणाला. "लई जीव हाय त्याचा माज्यावर."

घरी आल्यावर मी गोठ्यात वहिनीला गाठलं आणि सांगितलं, मुद्दाम दाबला होता. ती म्हणाली, "मला ठावं हाय. तुमी सोडलं न्हाई, आन् म्या बी आले न्हाई. तवा दोगांचं सारखंच." मग म्हणाली, "उद्यापासनं पाय म्या दाबीन. तुमी जावा शेतावर."

मी शेतावर गेलो, पण रोज जाता आलं नाही. एका दुपारी पाऊस होता म्हणून पडवीच्या मागच्या खोलीत सुतळी वळत बसलो होतो. मधे कुडाची भिंत. वहिनीचा आवाज आला.

"दिवाळीच्या आदल्या दिशी मला जात्यावर ढकललं. कशापायी?"

दादा म्हणाला, "आठवत न्हाई."

"मला आठवतंय. म्या सांगू?" मग दादाचा दाबलेला श्वास. वहिनी आकडे मोजत होती, शांतपणे, एक ते दहा. "पीठ सांडलं म्हणून. मूठभर पीठ. आता सोडते." थोड्या वेळानं परत, "माज्या बापाम्होरं झिंज्या धरल्या. त्ये कशापायी?"

"सोड गं."

"सोडते. आदी सांगा."

"बाप तुजा मला हसला हुता."

"न्हाई हसला. दात पडल्यात त्याचे, तोंड तसंच दिसतं." परत एक ते दहा.

बाईनं सांगितलं होतं तेवढंच ती दाबत होती, जास्त नाही. मी मुद्दाम एकदा डोकावून पाहिलं. हात हलका होता. पण सोडायच्या आधी ती एक विचारायची, आणि दादाला उत्तर द्यावं लागायचं. रोज एक किंवा दोन. तिला सगळे वार तपशिलानं पाठ होते. दोन महिन्यांत तरी ते संपले नाहीत. शेवटी शेवटी दादा "आठवत न्हाई" म्हणायचा थांबला. कधी कधी तो स्वतःच सांगायचा, आणि ती म्हणायची, "व्हय, त्यो राहिला हुता."

भात कापणीला दादा काठी घेऊन खळ्यावर आला. पुढच्या आवणीला चिखलात उतरला. उजवा पाय शेवटचा थोडासा सरळ होत नाही, उतारावरून येताना लंगडतो. बाकी गुडघा मजबूत आहे. डॉक्टरांनी दोरी ओढून पाहिली तेव्हा म्हणाले, नव्यासारखी आहे.

गुडघा बरा झाला तसा माणूसही बरा झाला, असं झालं असतं तर सांगायला बरं वाटलं असतं. त्या आवणीनंतरच्या दिवाळीत त्यानं परत वहिनीवर हात टाकला. एकच, पण टाकला. तिनं त्याच दुपारी पिशवी भरली आणि पानशेतला भावाकडं गेली. चार महिने आली नाही. दादा तिला आणायला तीनदा गेला. पहिल्या दोन खेपांना तिच्या भावानं अंगणातूनच परत पाठवलं. तिसऱ्या खेपेला तो तिथं बाहेर बसून राहिला, दिवसभर. ती काय बोलली ते दादानं मला कधी सांगितलं नाही. ती आली. नंतर मारलं नाही, असं ती सांगते. मी रोज तिथं नव्हतो, तेव्हा तिच्या शब्दावर विश्वास ठेवतो. त्यांना दोन मुली झाल्या. दोघी त्याच्या अंगावर बिनधास्त चढायच्या, ते मी पाहिलंय.

वहिनी माहेराहून परत आली त्याच वर्षी मी गाव सोडलं. पुणे-सातारा रस्त्यावर वरव्याजवळ एका कारखान्यात लागलो, लोखंडी पट्ट्या वाकवायचं काम. तिथंच खोली घेतली, पुढं लग्न केलं.

एक गोष्ट राहिली, आणि ती नाही सांगितली तर वाचणाऱ्याला वाटेल मी भला माणूस. लग्नाला सहा महिने झाले होते. सकाळची पाळी होती. डबा भरायला उशीर झाला, मी ओरडलो, बायको उलट बोलली. माझा हात गेला. तिच्या गालावर माझी बोटं उमटली. ती रडली नाही. भिंतीला टेकून माझ्याकडं बघत उभी राहिली. मी खाली बसलो. कामाची वेळ टळत होती, तरी बसून राहिलो आणि तिला दादाचं सगळं सांगितलं. चिखल, गुडघा, टीव्हीवर पाहिलेला खड्डा, मी सोडलं नाही ते, सगळं. मी कुणाला पहिल्यांदाच सांगत होतो. सांगताना मला वाटलं, हिला माझी कीव येईल.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमच्या दादाचं झालं. तुमचं काय करायचं ठरवलंय?"

मी म्हणालो, "परत हात उचलणार नाही."

"ते सगळेच म्हणत असतील," ती म्हणाली आणि डबा माझ्या हातात दिला.

मी कामावर गेलो. मशीनवर दिवसभर लक्ष लागलं नाही. संध्याकाळी घरी आलो तेव्हा ती होती. पुढचे आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. नवव्या दिवशी भाजी आणायला जायचं होतं. चपला घालता घालता म्हणाली, येताय का.